विषय क्रमांक एक : ठाणे-नवी मुंबईतल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना खुलं पत्र

शाळा व्यवस्थापन समित्यांवरच्या सर्व आईवडिलांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली. दुसऱ्या सत्रातली पहिली बैठक आता तुमच्याकडे लागेल. तिच्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून घाईनेच लिहायला बसले आहे. पत्र आहे वरच्या वर्गात पोचूनही वाचता न येणाऱ्या मुलांबद्दल. मी मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि मे २०२३ मध्ये निवृत्त झाले. राहते विटाव्यात. ठाण्याची हद्द इथे संपते आणि चार पावलांवर दिघ्यापासून नवी मुंबई सुरू होते, त्यामुळे माझ्याकडे दोन्ही महापालिकांची मुलं येतात. संध्याकाळी साडेसहा ते आठ आम्ही देवळाच्या सभामंडपात बसतो. पैसे घेत नाही, म्हणून शिकवणी म्हणवत नाही. मुलं नुसतं ‘बाईंकडे’ म्हणतात.

त्यातला एक मुलगा सहावीत आहे. अक्षर मोत्यासारखं. जूनमध्ये त्याची वही पाहून मी खूश झाले होते. दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्याच वहीतली एक ओळ वाचायला सांगितली. त्याने बोट ‘पर्यावरण’ या शब्दावर ठेवलं, ‘प’ म्हणाला, मग शेजारच्या मुलीकडे बघितलं. तिने हळूच सांगितलं तेव्हा पूर्ण शब्द मोठ्याने म्हणाला आणि माझ्याकडे बघून हसला. पुढच्या शब्दालाही तेच. मग माझ्या लक्षात आलं की हा लिहीत नाही, फळ्यावरचं चित्र उतरवून काढतो. रांगोळीचे ठिपके जोडावेत तसे रफार, वेलांट्या, उकार जागच्या जागी बरोबर. ते काय म्हणतात, ते मात्र त्याला ठाऊक नाही.

जून २०२० मध्ये हा मुलगा पहिलीत गेला. ‘गेला’ म्हणायचं इतकंच. हजेरीपटावर नाव चढलं. पहिलीचं अख्खं वर्ष शाळा बंद. दुसरीत डिसेंबर २०२१ ला दार उघडलं, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा मिटलं, २४ जानेवारीपासून सरकारने पुन्हा परवानगी दिली. जून २०२२ मध्ये तो तिसरीत बसला आणि समोर तिसरीचं पुस्तक आलं. तेव्हापासून पुस्तक पुढे पुढे जातंय आणि तो बाक बदलतोय.

हे पत्र शिक्षणाधिकाऱ्यांना का नाही आणि तुम्हाला का, असं तुम्ही विचाराल. साहेब लोक बदलतात, त्यांच्या टेबलावर अशा पत्रांचा ढीग असतो. तुमचं मूल त्या वर्गात बसलेलं आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि निम्म्या जागा बायकांच्या. मुख्याध्यापक तुमचे सचिव असतात, मालक नव्हेत. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कितीतरी बैठकांत मी पाहिलंय की आई येते, इतिवृत्ताच्या वहीत दाखवलेल्या ठिकाणी सही करते, चहा पिते आणि घरी जाऊन पोळ्यांना लागते. त्या वहीत पहिला विषय पोषण आहार, दुसरा गणवेश, तिसरा स्वच्छतागृहाची कडी. मुलांना काय येतं, हा विषय निघालाच तर ‘ऐनवेळचे विषय’ या खाली. तोवर सगळ्यांची उठायची वेळ झालेली असते.

आता करोनातल्या शाळाबंदीबद्दल. हा वाद अजून संपलेला नाही, आणि तो घालणाऱ्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, शाळा बंद ठेवून सरकारने पिढी वाया घालवली. दुसरा म्हणतो, जीव महत्त्वाचा होता, मुलं काय, भरून काढतात. मला दोघांशीही थोडं भांडायचं आहे.

मार्च २०२० मध्ये दारं लावली ती चूक होती, असं माझ्या तोंडून निघणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये तर मुळीच नाही. त्या महिन्यात माझ्या ओळखीतली दोन माणसं गेली आणि मी स्वतः मधुमेहाची, घराचा उंबरा ओलांडताना हात थरथरायचे. पालकही घाबरलेले होते. शाळा उघडायची तर संमतीपत्र हवं होतं, आणि कितीतरी आया ते कोरं परत पाठवत होत्या. मीही मनातून सुटकेचा श्वास सोडला होता, हे कबूल करते. पण दारं उघडायचा क्रम आठवा. हॉटेलं आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला उघडले. देवळं १६ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. नववी ते बारावीला राज्याने त्याच नोव्हेंबरात परवानगी दिली, तीही स्थानिक प्रशासनाच्या मर्जीवर. शहरातल्या पहिलीच्या मुलाची पाळी आली ती डिसेंबर २०२१ मध्ये. अक्षरओळखीच्या वयाचं मूल, ज्याला समोर माणूस असल्याशिवाय शिकताच येत नाही, ते रांगेत सगळ्यात शेवटी उभं होतं. त्याला मत नव्हतं, संघटना नव्हती, महसूल तर नव्हताच.

आणि ‘भरून काढतात’ म्हणणाऱ्यांना मी माझ्या भाचीचं उदाहरण देते. ती घोडबंदर रोडला राहते. तिच्या लेकीला स्वतंत्र खोली, टॅब, शेजारी इंजिनियर आई. त्या मुलीने ऑनलाइनच्या काळात उलट चार गोष्टी जास्तच शिकल्या. भाची म्हणते, मावशी, तू उगाच रडतेस. तिच्या घरापुरतं तिचं खरं आहे. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या. घराघरात इंटरनेट असलेला देश. तिथे संशोधकांनी मोजलं तर मुलांचं साधारण एक पंचमांश वर्षाचं शिकणं बुडालेलं निघालं, आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांचं नुकसान साठ टक्क्यांपर्यंत जास्त. आठ आठवड्यांत हे. आपल्या पहिलीवाल्यांच्या बंदचे महिने तुम्हीच बोटांवर मोजा.

आमच्याकडचं ऑनलाइन कसं होतं, तेही सांगते. वर्गात बेचाळीस मुलं, व्हॉट्सअॅप गटावर सव्वीस नंबर. त्यातले अर्धे बापाचे. बाप सुरक्षारक्षक, नाहीतर वाशीच्या बाजारात माथाडी. सकाळी फोन घेऊन गेला की रात्री नऊला परत. तोवर सकाळच्या अभ्यासावर घरगुती उपाय, गुड मॉर्निंगची फुलं आणि लशीच्या अफवा येऊन बसलेल्या असत. तीन भावंडांत एक फोन असेल तर तो दहावीच्या ताईला. धाकट्याला काय, तो पहिलीत. सव्वीस नंबरांपैकी सहा-सात घरं तर जालना-बुलढाण्याकडे गावी निघून गेली होती आणि परत आली ती कोणी वर्षाने, कोणी आलीच नाहीत.

जुलै २०२१ मध्ये सेतू अभ्यासक्रम आला. पंचेचाळीस दिवसांचा, मागचं राहिलेलं भरून काढायला. कल्पना चांगली होती, कृतिपत्रिकाही बऱ्या होत्या. पण शाळा तेव्हा बंदच होत्या हो! ज्या बंदने खड्डा पडला, त्याच बंदमध्ये बसून आम्ही पूल बांधत होतो. चाचण्या झाल्या. उत्तरपत्रिकांचे फोटो आले. मला अक्षरं ओळखू येतात, एकतीस वर्षं तेच केलंय. अर्ध्या पत्रिकांवर ताईचं अक्षर होतं, काहींवर आईचं. मी गुण दिले. तक्ता भरला आणि वर पाठवला, मुदतीच्या आत. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नव्हती. मला वाटलं, या बिचाऱ्यांना आणखी कशाला छळायचं. त्या तक्त्यात माझ्या सहीने ‘क्षमता प्राप्त’ म्हणून गेलेली मुलं आज सहावी-सातवीत आहेत, आणि त्यातली दोन माझ्यासमोर सभामंडपात बसतात. म्हणून तुम्हाला सांगते, वर गेलेल्या कागदावर विश्वास ठेवू नका. माझ्याही.

तुम्हाला कोणी ‘असर’च्या, म्हणजे मुलांना वाचता-गणित करता येतं का ते घरोघरी जाऊन तपासणाऱ्या सर्वेक्षणाच्या, अहवालाचे आकडे दाखवील. देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो? २०१८ मध्ये २७.३ टक्के, २०२२ मध्ये २०.५, आणि २०२४ मध्ये २७.१. झालं की भरून, असं म्हणणारे हाच आकडा दाखवतात. पण हिशेब मांडून बघा. २०२४ मध्ये तिसरीत असलेलं मूल पहिलीत बसलं ते जून २०२२ मध्ये. त्याला बंद शाळा भेटलीच नाही. (बंद अंगणवाडी भेटली, पण तो वेगळा विषय.) म्हणजे सुधारली ती नवी तुकडी. बंदमध्ये सापडलेली तुकडी २०२४ मध्ये पाचवीत होती, आणि पाचवीचा आकडा आहे ४८.७. २०१८ मध्ये तो ५०.५ होता, २०२२ मध्ये ४२.८. जवळजवळ जुन्या जागी आलो, हे मान्य. पण पाचवीतल्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, या जागी परत आलो म्हणून हुश्श करायचं?

शिवाय हे सर्वेक्षण खेड्यांचं. ठाणे जिल्ह्यात आलं तर शहापूर-मुरबाडच्या गावांत जाईल. पारसिकच्या डोंगरावरच्या चाळींत, मुंब्र्यात, तुर्भे स्टोअरला येणार नाही. मुलं किती शिकली ते मोजणारं सरकारी संपादणूक सर्वेक्षण शहरात होतं, पण तेही निवडक शाळांतल्या निवडक मुलांचं. या सगळ्यांतून आकडा मिळतो, नाव मिळत नाही. तुमच्या शाळेतल्या सहावी ‘ब’मध्ये तिसऱ्या बाकावर बसलेल्या मुलीला वाचता येतं का, हे कुठल्याच अहवालात लिहिलेलं नसतं. आधार क्रमांक, जन्मतारीख, आता ‘अपार’ या विद्यार्थी-ओळखपत्राचा क्रमांक, सगळं संगणकावर चढवून झालंय. त्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र वर्गात जाऊन, तिच्या शेजारी बसूनच मिळतं.

इथे मला प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. न वाचणारी मुलं करोनाआधीही होती. माझ्या प्रत्येक वर्गात तीन-चार असायचीच. सगळं खापर त्या विषाणूवर फोडणं सोयीचं आहे, पण खोटं आहे. मग फरक काय पडला? फरक हा, की वाचायला शिकवणारी बाई पहिली-दुसरीत असते. ती गाणी म्हणते, पाटीवर हात धरून गिरवून घेते, ‘क’ला काना दिला की तोंड कसं उघडतं ते दाखवते. कोण कुठे अडतो हे तिला पाठ असतं. हे एक वेगळं कसब आहे आणि ते वर्षानुवर्षं एकाच इयत्तेवर काढल्याने येतं. तिसरीपासून पुढे वाचायला कोणी शिकवत नाही, वाचता येतं असं धरून शिकवतात. सहावी-सातवीचे सर तर विषय शिकवणारे, विज्ञानाचे, गणिताचे. बाराखडी कशी शिकवायची हे त्यांना कोणी कधी सांगितलेलंच नाही, आणि त्यात त्यांचा कमीपणाही नाही. करोनाच्या तुकडीला नेमकी ती पहिली-दुसरीची बाईच भेटली नाही. मागे वळून तिच्याकडे जायची सोय आपल्या शाळेत नाही. म्हणून हे नुकसान आपोआप भरून येत नाही. वय वाढतं तशी लाज वाढते, आणि लाजेने मुलं फार हुशार होतात. शेजाऱ्याचं ऐकून म्हणतात, धडा पाठ करतात, वाचायची पाळी आली की पाणी प्यायला जातात.

गणितात तर आणखी वाईट. हातच्याची वजाबाकी दुसरी-तिसरीतली. ती राहिली तर भागाकार अडतो, भागाकार अडला की अपूर्णांक, मग दशांश. सातवीतलं मूल बीजगणिताला घाबरतं असं आपण म्हणतो. ते खरं तर बावनमधून सतरा वजा करायला घाबरत असतं.

आणि या तुकडीच्या नशिबाचा योगायोग बघा. मोठ्या मुलांची परीक्षा रद्द झाली त्या २०२१ साली दहावीचा निकाल ९९.९५ टक्के लागला. आमच्या धाकट्यांना मात्र पाचवीत पोचेपर्यंत नवा नियम लागू झाला होता: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षेत पास व्हायचं, नाही तर फेरपरीक्षा, तिथेही नाही जमलं तर त्याच वर्गात. ज्यांची पहिली-दुसरी आपण बुडवली, त्यांनाच पाचवीच्या दारात अडवून विचारायचं, काय रे, अभ्यास का नाही केला? नापास करण्याच्या मी विरोधात नाही. पण आधी शिकवलेलं असावं, एवढी तर अपेक्षा धरू या.

तर माझी मागणी एकच आहे. टक्केवारी नको, यादी हवी.

पाचवी ते आठवीतल्या प्रत्येक मुलाला एकेकटं बोलवायचं. वर्गासमोर नाही, ग्रंथालयात, नाहीतर मुख्याध्यापकांच्या खोलीत. दुसरीच्या पुस्तकातला, पण त्याने न पाहिलेला, आठ-दहा ओळींचा उतारा द्यायचा. तो वाचला की एक साधा प्रश्न, त्यात काय झालं? मग एक हातच्याची वजाबाकी, एक भागाकार. चार मिनिटं लागतात. पंचेचाळीस मुलांचा वर्ग म्हणजे तीन तास, एक सकाळ. चार वर्गांना चार सकाळी. समितीतल्या ज्या आईला वाचता येतं, तिनेही शेजारी बसावं. इंग्रजी माध्यमाच्या पालकांनी ‘काय झालं’ हा प्रश्न तर सोडूच नये, कारण तिथे पोपटासारखं घडाघडा वाचून अर्थ शून्य, असं मी पुष्कळदा पाहिलं आहे. विनाअनुदानित खासगी शाळांना ही समिती लागू नाही; तिथल्यांनी पालक-शिक्षक संघात हेच मागावं.

यादी फळ्यावर लावायची नाही. ती वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापकांकडे राहील, तुम्हाला फक्त संख्या आणि महिन्याने त्यातली किती नावं कमी झाली ते कळेल. तुमच्या शेजारणीच्या मुलाचं नाव त्यात आहे का, हे विचारू नका. मी आयांना ओळखते.

मग रोज एक तास. त्या तासाला इयत्ता विसरायची आणि मुलांना पातळीप्रमाणे बसवायचं: अक्षरं अडणारे एकीकडे, जोडाक्षरं अडणारे दुसरीकडे, वाचून न समजणारे तिसरीकडे. ही पद्धत परदेशातून आणायची नाही. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने मुंबईच्या वस्त्यांत १९९५ च्या सुमाराला काम सुरू केलं, त्यातूनच ती घडली आणि मग जगभर गेली. शाळेत पहिली-दुसरीच्या बाई असतीलच. तो एक तास त्यांना मोठ्या मुलांकडे पाठवा आणि विज्ञानाच्या सरांना पहिलीत गोष्ट सांगायला बसवा. सरांनाही मजा येईल.

शिक्षक म्हणतील, वेळ नाही. त्यांचं खरं आहे. मी स्वतः ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या वेळी दारोदार ताप मोजत फिरले आहे, आज माझे सहकारी मतदार याद्या घेऊन फिरतात, अॅपवर फोटो चढवतात. म्हणून तुमच्याकडून आणखी एक हवं आहे. समितीचा ठराव करा की हा एक तास कुठल्याही कामासाठी मोडला जाणार नाही, आणि मोडला तर कोणाच्या पत्राने मोडला त्याची इतिवृत्तात नोंद होईल. एकटा शिक्षक वरच्या साहेबाला नाही म्हणू शकत नाही. पंधरा पालकांच्या सह्या असलेला कागद म्हणू शकतो.

आमच्याकडची मुलं दर अकरा महिन्यांनी खोली बदलतात. भाडं वाढलं की कळव्यातून दिघ्यात, दिघ्यातून ऐरोलीत, म्हणजे एका महापालिकेतून दुसरीत. दाखल्याबरोबर त्या मुलाची एवढी एक ओळ पुढच्या शाळेत जाऊ द्या: ‘जोडाक्षरांपर्यंत आला आहे.’ नव्या बाईंचे दोन महिने वाचतील.

मोत्यासारख्या अक्षराचा तो मुलगा आता रफारापर्यंत आलाय. परवा त्याने दुकानाच्या पाटीवरचं ‘मिर्च मसाला’ वाचलं आणि पळत येऊन मला सांगितलं. जूनपासून पाच महिने लागले, रोज वीस मिनिटं. दहावीची परीक्षा त्याला २०३० मध्ये द्यायची आहे.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेसाठी मजकूर खाली देते. तसाच उतरवून सचिवांच्या हाती द्या. तोंडी सांगू नका, तोंडी सांगितलेलं ऐनवेळच्या विषयात जातं.

‘विषय क्रमांक १ : इयत्ता पाचवी ते आठवीतील ज्या विद्यार्थ्यांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, त्यांची नावनिशीवार यादी पंधरा दिवसांत तयार करणे, व त्यांच्यासाठी दररोज एक तास राखून ठेवणे.’

आपली,
एक निवृत्त बाई
विटावा, ठाणे